अधिसभेतल्या शंभर खुर्च्या

२१ मार्च १९०४ रोजी कलकत्त्याला व्हाइसरॉय कर्झनच्या कायदेमंडळात भारतीय विद्यापीठांचा कायदा संमत झाला. त्या मंडळात तेव्हा दोन मराठी शिक्षक बसलेले होते. एक डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली जे पहिले चार जण बी.ए. झाले त्यांतले ते एक. पुढे डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक आणि १८९३ ते १८९५ या काळात त्याच विद्यापीठाचे कुलगुरू. दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटीची शपथ पाळून ते नुकतेच फर्ग्युसनमधून मोकळे झाले होते. भांडारकरांनी विधेयकाची बाजू घेतली. गोखल्यांनी त्यातल्या कलमाकलमाला विरोध केला. आपल्याकडे ही हकीकत सांगताना कर्झनला दुष्टाची आणि गोखल्यांना नायकाची भूमिका दिली जाते आणि भांडारकरांचे नाव हळूच गाळले जाते. ते गाळले की हा वाद फारच सोपा होतो. परकीय सरकार विद्यापीठ गिळायला निघाले आणि देशभक्तांनी ते अडवले, एवढेच मग उरते. भांडारकरांना सरकारची हांजी हांजी करण्याची गरज नव्हती आणि विद्यापीठाची दुखणी त्यांच्याइतकी कोणाला ठाऊकही नव्हती. असा माणूस त्या बाजूला का उभा राहिला, आणि त्याचे निदान बरोबर असूनही औषध चुकीचे का ठरले, हे समजून घेतल्याशिवाय विद्यापीठाचे स्वातंत्र्य म्हणजे नेमके कोणाचे स्वातंत्र्य, हा प्रश्न सुटत नाही.

मुळात १८५७ सालचे मुंबई विद्यापीठ हे आज आपण ज्याला विद्यापीठ म्हणतो तसे नव्हतेच. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे एकाच वर्षी जी तीन विद्यापीठे निघाली, त्यांच्यापुढे नमुना लंडन विद्यापीठाचा होता. शिकवायचे ते कॉलेजांनी; विद्यापीठाने अभ्यासक्रम आखायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची आणि कॉलेजांना संलग्न करून घ्यायचे. त्याला ना वर्ग होते, ना स्वतःचे प्राध्यापक. फोर्टातली देखणी इमारतही नंतर आली, आणि तीही दात्यांच्या पैशांतून. दीक्षान्त सभागृहाला कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी १ लाख दिले. ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईचे, नाव मिळाले. विद्यापीठ म्हणून जे काही होते ते अधिसभेत होते. म्हणजे फेलोंच्या सभेत. आणि हे फेलो सरकारच नेमत असे. गव्हर्नर हा पदसिद्ध कुलपती, कुलगुरूची नेमणूक सरकारची, अधिसभेने केलेल्या नियमांना मान्यता सरकारची. कागदावर पाहिले तर यात स्वातंत्र्याला तीळभरही जागा दिसत नाही.

तरीही ती जागा निर्माण झाली, आणि तिचे कारण कायद्याच्या एका बारीकशा तरतुदीत होते. फेलोची नेमणूक तहहयात होती. एकदा खुर्ची मिळाली की ती टिकवण्यासाठी पुन्हा कोणाच्या दारात जावे लागत नसे. न्यायमूर्ती रानडे, काशिनाथ त्रिंबक तेलंग, फिरोजशहा मेहता ही माणसे अधिसभेत सरकारी प्रस्तावांचा कीस काढू शकली ती या आधारावर. रानड्यांचेच उदाहरण बोलके आहे. विद्यार्थिदशेत त्यांनी एका निबंधात मराठी राज्याशी इंग्रजी राज्याची तुलना केली आणि ती इंग्रजांना झोंबेल अशी केली, तेव्हा प्राचार्य ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. पुढे तेच रानडे फेलो झाले आणि विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून हद्दपार झालेल्या देशी भाषांना परत आणण्यासाठी वर्षानुवर्षे अधिसभेत झगडले. सरकारी नोकरीत न्यायाधीश असलेल्या माणसाला हे करता आले, कारण फेलो या नात्याने त्यांच्यावर टांगती तलवार नव्हती. १८९२ मध्ये तेलंग मुंबईचे पहिले भारतीय कुलगुरू झाले, त्यांच्यामागून भांडारकर आले. नेमणूक सरकारची असली तरी नेमलेला माणूस सरकारचा राहतोच असे नाही. तो सरकारचा राहतो की नाही हे बरेचसे त्याला फेरनेमणूक हवी आहे की नाही यावर ठरते.

आता भांडारकरांची बाजू. या तहहयात अधिसभेचे जे झाले होते ते काही फारसे अभिमानास्पद नव्हते. फेलोशिप ही रावबहादुरकीसारखी मानाची पदवी बनली होती. हुद्द्यावरचे अधिकारी, शेठ-सावकार, संस्थानांचे दिवाण, नामांकित वकील यांची त्यात रेलचेल होती. यांतल्या पुष्कळांनी कधी वर्गात पाऊल टाकलेले नव्हते आणि काही तर सभेलाही फिरकत नसत. संख्येवर मर्यादा नव्हती, त्यामुळे एखाद्या वादाच्या दिवशी माणसे गोळा करून ठराव फिरवता येत असे. जे प्रत्यक्ष शिकवत त्यांचा आवाज मात्र क्षीण होता. परीक्षा हाच विद्यापीठाचा एकमेव धंदा असल्याने विद्यार्थी मार्गदर्शिका पाठ करून उत्तीर्ण होत, कॉलेजात ग्रंथालय आहे की नाही, प्रयोगशाळेत उपकरणे आहेत की नाही, हे पाहायला कोणी जात नसे. ज्याने आयुष्य हस्तलिखिते शोधण्यात आणि पाठ तपासण्यात घालवले, त्या पंडिताला हा कारभार पाहून उबग आला असेल तर त्यात नवल ते काय? विद्यापीठ जाणकारांच्या हाती असावे, हे त्यांचे म्हणणे होते. ते खोडून काढणे कठीण आहे, आणि माझ्या मते ते खोडून काढण्याची गरजही नाही.

कर्झनने नेमके हेच म्हणणे पुढे केले. सप्टेंबर १९०१ मध्ये त्याने सिमल्याला शिक्षण परिषद भरवली आणि तिला एकाही भारतीयाला बोलावले नाही. जानेवारी १९०२ मध्ये टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ आयोग नेमला. त्यातही आधी हिंदू सभासद नव्हता. ओरड झाली तेव्हा न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जी यांना घेतले गेले, आणि त्यांनी शेवटी आपली भिन्नमतपत्रिका जोडली. आयोगाने जे सुचवले त्यात किमान फी ठरवणे, दुय्यम दर्जाची कॉलेजे बंद करणे अशा गोष्टी होत्या. गरीब घरच्या मुलांना त्या परवडणार नाहीत, अशी टीका देशभर झाली. त्यातल्या काही सूचना बाजूला पडल्या. कायद्यात जे उतरले ते मुख्यतः कारभाराविषयी होते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथल्या अधिसभेत साधारण फेलो कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त १००. त्यांपैकी निवडून येणारे २०. उरलेले सगळे कुलपती नेमणार. मुदत पाच वर्षांची. विद्यापीठाने ठराविक वेळेत नियम केले नाहीत तर ते सरकार करणार, केले तर त्यांत फेरफार करण्याचा अधिकारही सरकारचा. कॉलेजला संलग्नता द्यायची की काढायची याचा अखेरचा निर्णयही सरकारचाच.

गोखल्यांचे वैशिष्ट्य असे की, सुधारणा नको असे ते म्हणाले नाहीत. कॉलेजांची तपासणी, चांगली ग्रंथालये, उच्च अध्यापनाची सोय यांना त्यांचा पाठिंबाच होता. ते बोट ठेवत होते ते जोडकामावर. जाणकारांना अधिसभेत आणणे ही एक गोष्ट आणि सरकारचा वरचष्मा ही दुसरी. कायद्याने दोन्ही अशा शिवून टाकल्या की पहिली हवी असणाऱ्याला दुसरी निमूट गिळावी लागावी. नेमणुकांत निदान दोन पंचमांश माणसे शिक्षणाच्या पेशातली असावीत, असे कायदा म्हणत होता. ऐकायला गोड आहे. पण १९०४ च्या मुंबई इलाख्यात शिक्षणाच्या पेशातली वजनदार माणसे कोण होती? एल्फिन्स्टन, डेक्कन, ग्रँट मेडिकल ही कॉलेजे सरकारी. तिथले बहुतेक मोठे प्राध्यापक युरोपीय आणि सरकारी शिक्षणसेवेतले. त्यांच्या बदल्या, बढत्या, रजा सचिवालयातून ठरत. म्हणजे शिक्षक आणायच्या नावाखाली सरकारी नोकर आणता येत होते. जो उरलासुरला बिगरसरकारी फेलो, त्याला पाच वर्षांनी आपली खुर्ची पुन्हा मागावी लागणार होती. निवडणुकीच्या जागा वाढवा, कॉलेजांतल्या प्राध्यापकांनाही आपले प्रतिनिधी निवडू द्या, या दिशेच्या सूचना सरकारच्या बहुमतापुढे टिकण्याजोग्या नव्हत्याच. सरकारला खरोखर शिक्षकांचे राज्य हवे असते तर शिक्षकांनी शिक्षक निवडण्यात त्याला अडचण वाटायचे कारण नव्हते.

हा संशय अवाजवी होता का, याची परीक्षा वर्षभरातच झाली. नवी अधिसभा बसवताना पहिल्या सिंडिकेटच्या, म्हणजे कार्यकारी मंडळाच्या, रचनेबाबत कुलपतींनी जो आदेश काढला, तो नव्या कायद्यालाही धरून नव्हता असा आक्षेप मुंबईत घेतला गेला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. निकालाची वाट पाहण्याऐवजी सरकारने फेब्रुवारी १९०५ मध्ये नवा कायदाच आणला आणि झालेल्या गोष्टी कायदेशीर ठरवून टाकल्या. न्यायालयात प्रकरण उभे असताना कायदेमंडळाने मध्ये पडावे याला गोखल्यांनी पुन्हा विरोध केला. तो अर्थातच व्यर्थ गेला. दर्जा सुधारायला निघालेल्या सरकारला आपणच केलेल्या नियमांची चौकट सहा-आठ महिनेही सोसवली नाही, एवढे यावरून दिसते.

पुढच्या काही वर्षांत संलग्नतेच्या अधिकाराचे काय होऊ शकते तेही दिसले. वंगभंगाच्या चळवळीत पूर्व बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर बॅमफिल्ड फुलर याने सिराजगंजच्या दोन शाळांतले विद्यार्थी गोंधळ घालतात म्हणून त्या शाळांची मान्यता काढावी, असे कलकत्ता विद्यापीठाला कळवले. हिंदुस्थान सरकारलाच ते अडचणीचे वाटले, त्यांनी माघार घ्यायला सांगितले, आणि ऑगस्ट १९०६ मध्ये फुलरने राजीनामा दिला. या प्रसंगाचा शेवट बरा झाला खरा. पण तो बरा झाला तो विद्यापीठ ठाम राहिले म्हणून नाही, वरच्या सरकारला त्या घडीला भांडण नको होते म्हणून. १९०७ मध्ये सरकारचे रिस्ले परिपत्रक आले आणि विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी राजकीय सभांपासून दूर राहावे, नाहीतर अनुदान आणि मान्यता यांवर गदा येईल, हे सर्वांना कळून चुकले. विनायक दामोदर सावरकरांना मिळालेली बी.ए. ही पदवी मुंबई विद्यापीठाने त्यांच्या शिक्षेनंतर काढून घेतली आणि स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये परत दिली. त्यांनी परीक्षेत लिहिलेली उत्तरे या दोन तारखांच्या दरम्यान बदललेली नव्हती. आणि जे विद्यापीठाच्या कक्षेबाहेर राहून शिकवू पाहत होते त्यांचे काय? प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी काढलेले तळेगावचे समर्थ विद्यालय १९१० मध्ये सरकारने बंद पाडले. या सगळ्यावर शिक्कामोर्तब करणारा साक्षीदार अगदी अनपेक्षित आहे. १९१७ ते १९१९ या काळात लीड्सचे कुलगुरू मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनेच नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने असे नोंदवले की, १९०४ च्या कायद्याने हिंदुस्थानातली विद्यापीठे जगातल्या सर्वाधिक सरकारी विद्यापीठांत जाऊन बसली. गोखले तोवर हयात नव्हते.

याला एक जबरदस्त उत्तर आहे आणि ते कलकत्त्यातूनच येते. आशुतोष मुखर्जी. कर्झनच्या कायद्याखाली, सरकारच्या नेमणुकीने, ते १९०६ ते १९१४ अशी आठ वर्षे कुलगुरू राहिले आणि नेमलेल्या त्याच अधिसभेकडून त्यांनी पदव्युत्तर अध्यापनाची अशी उभारणी करून घेतली की चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्यासारखा माणूस सरकारी हिशेबखात्यातली नोकरी सोडून तिथे प्राध्यापक झाला. मग कायद्याला दोष का द्यावा? खंबीर माणूस मिळाला की वाईट कायद्यातही काम होते, हे खरेच आहे. परंतु या युक्तिवादाची दुसरी बाजू १९२२-२३ मध्ये उघडी पडली. आशुतोष पुन्हा कुलगुरू होते आणि विद्यापीठ कर्जात बुडाले होते. बंगाल सरकारने अडीच लाखांचे अनुदान देऊ केले, पण सोबत अशा अटी घातल्या की विद्यापीठाचा हिशेब आणि कारभार सरकारच्या मुठीत जावा. अधिसभेने ते अनुदान नाकारले. मग गव्हर्नर लिटन यांनी आशुतोषांना, सरकारशी जमवून घेत असाल तर मुदत वाढवू, असे सुचवले. आशुतोषांनी मार्च १९२३ मध्ये जे पत्र पाठवून नकार कळवला ते आजही विद्यापीठीय स्वातंत्र्याच्या इतिहासातला मैलाचा दगड मानले जाते. पत्र करारी होतेच. पण आशुतोष घरी गेले आणि लिटन कुलपती राहिले. कायदा कोणाच्या बाजूचा आहे हे माणूस खंबीर असताना कळत नाही, तो जाण्याची वेळ येते तेव्हा कळते.

पैशाचा आक्षेप इथेच येतो. जो पैसे देतो त्याने हिशेब का मागू नये? हिशेब मागावा. सार्वजनिक पैशाची तपासणी हा काही जुलूम नाही आणि तपासणीला स्वायत्ततेवरचा घाला म्हणणारे कुलगुरू आपल्याकडे कमी झालेले नाहीत. मात्र खर्च बरोबर झाला का हे विचारणे आणि काय शिकवावे, कोणी शिकवावे हे ठरवणे यांत अंतर आहे, आणि सरकारे हे अंतर विसरण्यात पटाईत असतात. शिवाय सरकारचा पैसा नको म्हटले की स्वातंत्र्य आपोआप मिळते, हाही भ्रमच. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढले ते सरकारी सनदेशिवाय आणि मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरून. या विद्यापीठाचे पहिले कुलपती कोण, तर डॉ. भांडारकर! बारा वर्षांपूर्वी सरकारी विधेयकाच्या मागे उभा राहिलेला पंडित उतारवयात अशा विद्यापीठाचा प्रमुख झाला, ज्याच्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती. ही विसंगती नाही. विद्यापीठ जाणकारांनी चालवावे, हा त्यांचा हेका दोन्ही वेळी तोच होता; १९०४ मध्ये त्यांनी ते काम सरकार करील असा विश्वास टाकला, १९१६ मध्ये कर्व्यांवर टाकला. पदवीला मान्यता नाही म्हणजे नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे विद्यार्थिनी थोड्या, हे कर्व्यांनी वर्षानुवर्षे सोसले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी देऊ केली, तीही काही अटींवर. विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले आणि मुख्य ठाणे मुंबईला गेले. दात्याच्या अटी सरकारच्या अटींपेक्षा सौम्य निघाल्या, एवढेच म्हणता येईल. विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळायला १९५१ साल उजाडले.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र सरकारी बाजूकडून आलेला नाही. तो महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात आहे. सरकारचा महसूल भरतात शेतकरी आणि कष्टकरी, आणि तो खर्च होतो उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे म्हणणे होते. ज्या अधिसभेच्या स्वातंत्र्यासाठी मेहता आणि गोखले लढले, तीत फुल्यांच्या माणसांना जागा कुठे होती? पदवीधरांनी निवडणूक करायची म्हटले तर पदवीधर कोण, हा प्रश्न आलाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना हाच मुद्दा पुढे नेला. मागासवर्गांना अधिसभेत नेमणुकीने प्रतिनिधित्व मिळावे, कारण निवडणुकीच्या वाटेने ते तिथे पोहोचणारच नाहीत, असे ते म्हणाले. म्हणजे गोखल्यांनी ज्या नेमणुकीला विरोध केला होता, तीच आंबेडकर मागत होते. या दोघांना एकमेकांसमोर उभे करून, स्वायत्तता हे वरच्या जातींचे चोचले आहेत, असा निष्कर्ष काढणारे आज बरेच भेटतात. अगदीच पोकळ आहे तो, असे मी म्हणणार नाही. बंद दाराआड निवडणूक करणारी सभा स्वतंत्र असली तरी ती स्वतःच्याच माणसांसाठी स्वतंत्र असते, आणि स्वातंत्र्याच्या नावाने राखीव जागा टाळणाऱ्या संस्था महाराष्ट्राने पाहिल्या आहेत.

पण आंबेडकरांचे पूर्ण म्हणणे वाचले की हा निष्कर्ष लंगडा पडतो. १९२४ मध्ये चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विद्यापीठ सुधारणा समितीपुढे त्यांनी जी लेखी साक्ष दिली, तिचा रोख परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठावर होता. जो शिकवतो त्यानेच परीक्षा घ्यावी, विद्यापीठाने अध्यापन आणि संशोधन आपल्या अंगावर घ्यावे, ही त्यांची मागणी होती. कोलंबिया आणि लंडन इथे शिकून आलेल्या माणसाला, वर्गाशी संबंध नसलेली सभा वर्गातल्या शिकवण्याचे भवितव्य ठरवते, हेच मुळात चमत्कारिक वाटले. मागासवर्गांना जागा मागण्यामागचे त्यांचे कारणही सरकारचा हात बळकट करण्याचे नव्हते. ज्यांच्यापर्यंत उच्च शिक्षण पोहोचलेले नाही त्यांचा विचार करणारे कोणीतरी तिथे असले पाहिजे, हे होते. आणि इथे मला गोखल्यांच्या पिढीच्या लढ्यातला कच्चा दुवा दिसतो. विद्यापीठाचे स्वातंत्र्य म्हणजे अधिसभेचे स्वातंत्र्य, असे त्यांनी धरून चालवले. रानडे न्यायाधीश, तेलंग वकील आणि मग न्यायाधीश, मेहता आणि सेटलवाड वकील. मुंबईत विद्यापीठाच्या स्वातंत्र्याचा झेंडा पन्नास वर्षे मुख्यतः वकिलांच्या हाती होता. त्यामुळे कार्यपद्धतीचा हक्क, मताधिकार, सभेचे नियम यांवर ते अटीतटीने लढले. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला काय शिकवता येईल, काय लिहिता येईल, हा प्रश्न त्यांच्या भाषणांत क्वचितच येतो. येणार तरी कसा? विद्यापीठाकडे स्वतःचा शिक्षक असा नव्हताच. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू झाला तो १९१९ मध्ये.

आश्चर्य याचे वाटते की, दुसरा नमुना हाताशी होता आणि गोखले स्वतः त्यातूनच आले होते. २ जानेवारी १८८५ रोजी सुरू झालेले फर्ग्युसन कॉलेज आजीव सभासद चालवत. म्हणजे तिथे शिकवणारे शिक्षकच. पगार ठरवायचे ते, अभ्यासाची वाटणी करायची ती त्यांनी, नवा सहकारी घ्यायचा की नाही हेही त्यांनीच. त्यात भांडणे व्हायची, आणि कडाक्याची व्हायची. टिळकांनी १८९० च्या अखेरीस राजीनामा दिला तो काही गव्हर्नरशी भांडून नव्हे. शिक्षकांचे राज्य नेहमी उदार असते असेही नाही. १९०५ मध्ये परदेशी कपड्यांची होळी केली म्हणून सावरकरांना वसतिगृहातून काढून दहा रुपये दंड केला तो प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी. कॉलेजला नाव दिले होते तेही गव्हर्नर फर्ग्युसन यांचे, आणि अनुदानही सरकारचे घेतले जात होते. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते: ज्याने निर्णय घेतला तो दुसऱ्या दिवशी त्याच निर्णयाखाली वर्गात उभा असे. अधिसभेत असे उत्तरदायित्व कधीच नव्हते, कर्झनच्या आधीही आणि नंतरही. फर्ग्युसनची घडण विद्यापीठाच्या कायद्यात उतरावी यासाठी कोणी चिवटपणे झगडले असते, तर भांडारकरांना सरकारकडे पाहावे लागले नसते आणि आंबेडकरांना दार ठोठावताना निदान आतली माणसे शिक्षक असती. हे अर्थात घडून गेल्यावरचे शहाणपण आहे.

१९२८ च्या कायद्याने मुंबईच्या अधिसभेत निवडून येणाऱ्यांची संख्या वाढली. कुलगुरू मात्र कुलपती म्हणजे गव्हर्नरच नेमत राहिले. स्वातंत्र्य आले, गव्हर्नरचा राज्यपाल झाला आणि कुलपतीपद त्याच्याकडेच राहिले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ मुकुंदराव जयकर यांच्या कुलगुरुपदाखाली सुरू झाले. त्याच सुमारास राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठांच्या स्वायत्ततेची आवर्जून शिफारस केली. माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर मुंबईचे कुलगुरू असतानाच विद्यापीठांच्या कारभाराबद्दलच्या केंद्रीय समितीचे अध्यक्ष झाले. अहवाल आले आणि कपाटांत गेले. महाराष्ट्रात १९९४ मध्ये बिगरकृषी विद्यापीठांसाठी एक कायदा झाला, तो जाऊन २०१६ चा आला. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने त्यात दुरुस्ती संमत केली. उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती होणार होते आणि कुलगुरूपदासाठी राज्य सरकार दोन नावे राज्यपालांकडे पाठवणार होते. सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये ती दुरुस्ती मागे घेतली गेली. दोन्ही वेळा वादाचा विषय होता तो कुलगुरूच्या नावावर शेवटचा हात राजभवनाचा असावा की मंत्रालयाचा. कर्झनने आखलेल्या पटावरच हा डाव चालला होता, फक्त खेळणारे घरचे होते.